लोखंडी नांगर आणि काळी माती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सेंद्रिय शेतीची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा दोनच प्रश्नांभोवती फिरते. खत कोणतं घालायचं आणि फवारायचं काय? शेणखत, गांडूळखत, जीवामृत, निंबोळी अर्क यांविषयी आपल्याकडे भरपूर बोललं जातं. पण हे सगळं ज्या जमिनीत घालायचं, ती जमीन किती खोल उकरायची, उलटायची की नुसती खरवडायची, की तिला हातच लावायचा नाही, हा प्रश्न मागे राहतो. रासायनिक खत बंद केलेला शेतकरीसुद्धा उन्हाळा आला की शेजाऱ्यासारखाच ट्रॅक्टर सांगून येतो आणि पलटी नांगराने रान उलथून घेतो. त्यात त्याला काही विसंगती वाटत नाही, आणि त्याचं सारंच चुकतं असंही नाही. या सवयीला एक इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

नांगर आपल्या देशात फार जुना. राजस्थानात कालीबंगन इथे १९६० च्या दशकात झालेल्या उत्खननात एक नांगरलेलं शेत सापडलं. ते सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं. त्या शेतातले उभे-आडवे तास मातीखाली जसेच्या तसे राहिले होते. आपल्या पुराणकथांतही नांगर आहेच. बलरामाच्या खांद्यावर तो आहे आणि सीता या शब्दाचा मूळ अर्थच नांगराचा तास असा आहे. पण हा जुना नांगर काय करायचा, हे नीट पाहिलं पाहिजे. त्याचा फाळ माती चिरत जायचा. खालची माती वर आणि वरची खाली, अशी उलथापालथ तो करत नसे. चिरणं आणि उलटणं यांतला हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

आता दख्खनच्या काळ्या रानात या. इथल्या शेतकऱ्याचं रोजचं अवजार नांगर नव्हतंच. देशावर कुळव आणि वऱ्हाडात वखर, हीच त्याची मुख्य अवजारं. कुळवाची आडवी फास जमिनीच्या वरच्या दोन-तीन इंचांतून सरकत जाते, उगवलेलं तण मुळाशी कापते आणि वरची माती भुसभुशीत करून तिथेच ठेवते. उन्हाळ्यात दोन-तीन पाळ्या, पहिल्या पावसानंतर वाफसा आला की आणखी एक, मग पाभर किंवा तिफण आणि पीक उभं राहिलं की ओळींमधून कोळपं किंवा डवरा. भारी काळ्या जमिनीत दरवर्षी नांगर घालण्याची रीत बहुतेक ठिकाणी नव्हती. काही रानांत तर कित्येक वर्षं नांगर फिरत नसे.

हा आळस नव्हता. काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि तिला हात-हात खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घरंगळते, पावसाने माती फुगते, भेगा मिटतात आणि माती आतल्या आत घुसळली जाते. म्हणजे ही जमीन आपली नांगरट बऱ्याच अंशी आपणच करते. वखराने वर तयार झालेला सैल मातीचा थर खालची ओल धरून ठेवतो. ज्या मुलखात रब्बीचा जोंधळा पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच पिकतो, तिथे ही ओल म्हणजेच पीक.

मग नांगर लागायचा कधी? हरळी आणि कुंदा यांनी रान धरलं की. या दोन तणांची मुळं आणि कंद खोल जातात. वखर त्यांना वरून कापतो आणि ती पुन्हा फुटतात. अशा वेळी मोठा लाकडी नांगर काढावा लागे. तो ओढायला चार-चार, सहा-सहा बैलजोड्या लागत आणि इतक्या जोड्या एका घरी कुठून असणार? म्हणून इर्जिक घालायची. गावातले शेतकरी आपापल्या जोड्या घेऊन एकाच्या रानात उतरायचे, दिवसभर नांगर चालायचा आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालायचा. खोल नांगरट ही अशी खर्चाची, सणासारखी आणि क्वचित होणारी गोष्ट होती. दुखणं बळावलं तर द्यायचा तो उतारा होता, रोजचा आहार नव्हे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी हे पाहिलं आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते मागासलेपण वाटलं. जमीन नखाने ओरखडल्यासारखी करतात, असा एकूण सूर होता. तो का होता, हेही समजून घेतलं पाहिजे. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलने १७३१ साली शेतीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. झाडाची मुळं मातीचे बारीक कण खातात, अशी त्याची समजूत होती. तेव्हा माती जितकी बारीक कराल तितकं पीक चांगलं, असा त्याचा हिशेब. ही उपपत्ती पुढे चुकीची ठरली, पण माती बारीक करण्याची आवड टिकून राहिली. शिवाय उत्तर युरोपातली जमीन थंड आणि ओलसर. ती उलटून वाळवली, उन्हाला दाखवली तर फायदा व्हायचा. आपल्याकडे अडचण नेमकी उलटी. ऊन उदंड, तुटवडा ओलीचा. एका हवामानातलं शहाणपण दुसऱ्या हवामानात तसंच्या तसं चालेल, हे गृहीत धरलं गेलं.

अपवाद होते. डॉ. जॉन व्होल्कर हे इंग्लंडच्या शाही कृषी संस्थेचे रसायनतज्ज्ञ. ते १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि देशभर फिरले. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे, हा समज त्यांनी त्यात खोडून काढला. त्याला शेती कळत नाही असं नव्हे, त्याच्याकडे साधनं नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच्या दहा वर्षं आधी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला होता. त्यात त्यांनी पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या मातीची आणि सत्त्वाची चिंता केली आहे. लष्करातल्या व पोलिसांतल्या शिपायांकडून जागोजाग ताली, बंधारे घालून घ्यावेत, अशी सूचनाही केली आहे. माती जागेवर राहिली पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही.

याच पार्श्वभूमीवर १९०३ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर तयार केला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेतली नोकरी सोडून ते बेळगावला आले होते. तिथे सायकलींचं दुकान काढून त्यांनी धंद्याला सुरुवात केली होती. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असं त्या काळाबद्दल नेहमी सांगितलं जातं. पुढे औंधच्या संस्थानिकांच्या आश्रयाने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि हळूहळू तो नांगर महाराष्ट्रभर आणि कर्नाटकातही पोचला.

ती विषाची समजूत ऐकून आज आपण हसतो. लोखंडाने जमीन विषारी होत नाही, हे खरंच. पण मला वाटतं, त्या अडाणी वाटणाऱ्या भीतीत काही नसेलच, असं समजायचं कारण नाही. शेतकरी एका नव्या वस्तूकडे पाहत होता. ती वस्तू माती चिरत नव्हती, उलटत होती. वर्षानुवर्षं वर राहिलेली माती खाली गाडून खालची कोरी माती वर आणत होती. त्याला जे खटकलं ते त्याने त्याच्या भाषेत सांगितलं असेल.

मात्र लोखंडी नांगराला खलनायक ठरवणं हा अन्याय होईल. त्याने एक खरा प्रश्न सोडवला. ज्या हरळी-कुंद्यासाठी सहा बैलजोड्यांची इर्जिक घालावी लागे, ते काम आता थोड्या बैलांत होऊ लागलं. ज्याच्याकडे माणसं नाहीत, सावड नाही, अशा लहान शेतकऱ्याचं पडीक रानही वहितीखाली येऊ लागलं. अवजार चांगलं होतं. प्रश्न ते किती वेळा वापरायचं, हा होता.

आणि या प्रश्नाचं उत्तर आपल्या संशोधकांनी फार लवकर दिलं होतं. पुण्याजवळ मांजरी इथे १९२३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. पुढे १९३३ च्या सुमारास सोलापूर आणि विजापूर इथे संशोधन केंद्रं निघाली. त्यांतून जी पद्धत सिद्ध झाली ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली गेली. त्यात होतं काय? बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी, वारंवार कुळवणी आणि तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट. तीन वर्षांतून एकदा! जुन्या शेतकऱ्याची रीत आणि नवा लोखंडी नांगर यांची ही तडजोड होती. पण पुढे बांधबंदिस्ती सरकारी कार्यक्रमात गेली, नांगर बाजारात गेला आणि ‘तीन वर्षांतून एकदा’ हे शब्द तेवढे मधेच गळून पडले.

त्याच सुमारास तिकडे इंदूरला आणखी एक काम चालू होतं. सर अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी होळकर संस्थानात, इंदूरच्या काळ्या जमिनीवर काम केलं. शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थरांनी रचून, हवा खेळती ठेवून कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथे तयार झाली. १९३१ मध्ये त्यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव आहे. आज जगभर ज्याला सेंद्रिय शेतीचा पाया म्हणतात, त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हे नाव आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं. हॉवर्ड स्वतः म्हणत की इथले शेतकरी आणि कीड हेच आपले गुरू. पण सेंद्रिय चळवळीने त्यांच्याकडून घेतलं ते मुख्यतः खताचं शास्त्र. ‘सेंद्रिय शेती’ हा शब्दप्रयोग १९४० मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी पुस्तकात आणला. तेव्हाही वाद मुख्यतः शेणखत विरुद्ध रासायनिक खत असाच होता. नांगर त्या वादातून सुटला.

नांगरावर पहिला मोठा घाव घातला गेला तो अमेरिकेत. जॉन डिअरने १८३७ मध्ये पोलादी नांगर बनवला होता. त्या जातीच्या नांगरांनी, आणि पुढे ट्रॅक्टरांनी, तिथली अफाट गवताळ मैदानं उलटून टाकली. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली ती माती वाऱ्यावर स्वार झाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी उठलेल्या धुळीच्या वादळाने भर दिवसा अंधार केला. त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला. पुढे १९४३ मध्ये एडवर्ड फॉकनर नावाच्या माजी कृषी विस्तार अधिकाऱ्याने नांगराला उघड मूर्खपणा ठरवणारं पुस्तक लिहिलं आणि ते हातोहात खपलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. निसर्ग पालापाचोळा वर ठेवतो, नांगर तो गाडतो. आपणही तो वरच ठेवावा, फार तर वरच्या थरात मिसळावा. हे वाचताना मला आपला वखर आठवतो. याच्या कितीतरी आधी, १८८१ मध्ये, डार्विनने गांडुळांवर आयुष्यातलं शेवटचं पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की माणसाने नांगर शोधण्याच्या कितीतरी आधीपासून गांडुळं जमीन नांगरत आली आहेत.

आज शास्त्र काय सांगतं? जमीन उलटली की आत हवा शिरते. जिवाणू भराभर कामाला लागतात आणि साठलेला सेंद्रिय कर्ब खाऊन टाकतात. त्यातून नत्र मोकळं होतं, म्हणून नांगरटीनंतरचं पीक जोमदार येतं. शेतकऱ्याला वाटतं, नांगरटीने जमीन सुधारली. प्रत्यक्षात ती ठेव मोडून केलेली दिवाळी असते. मातीचे कण बांधून ठेवणारे बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळं मोडतात आणि नांगराच्या तळाशी वर्षानुवर्षं दाबला जाऊन एक टणक थर तयार होतो. त्या थरावर पाणी अडतं, वरची सुटी माती पहिल्याच वळवाबरोबर ओढ्याला लागते. एका हाताने गाडीभर शेणखत घालायचं आणि दुसऱ्या हाताने दरवर्षी खोल नांगरट करून ते जाळायचं, असा हा व्यवहार आहे.

मग नांगर सोडून द्यावा, इतकं सरळ आहे का? नाही. इथेच खरा पेच आहे. नांगरट बंद केली की तण माजतं. अमेरिकेत १९६२ मध्ये केंटकी राज्यात विनानांगरट शेतीची व्यापारी सुरुवात झाली. त्याच सुमारास पॅराक्वाटसारखी तणनाशकं आली आणि १९७४ मध्ये ग्लायफोसेट आलं. त्यांच्या जोरावर ही पद्धत अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनात कोट्यवधी एकरांवर पसरली. माती वाचली, पण नांगराच्या जागी रसायनाचा पंप आला. म्हणजे एकाने नांगर सोडला आणि विष धरलं, दुसऱ्याने विष सोडलं आणि नांगर धरला. सेंद्रिय शेतकरी या दुसऱ्या बाजूला उभा आहे.

दोन्ही सोडून दाखवणारा एक माणूस जपानात होता. मासानोबू फुकुओका. १९७५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, १९७८ मध्ये ते इंग्रजीत झालं आणि तिथून आपल्याकडच्या कार्यकर्त्यांच्या हाती पडलं. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, निंदणी नाही, औषध नाही. १९८८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्यामुळे आपल्याकडे अनेकांना धीर आला, हे निर्विवाद. पण शिकोकू बेटावर वर्षभर पाऊस, भाताबरोबर जमिनीवर पसरलेला क्लोव्हर आणि पिकाचा सगळा पेंढा परत रानात. आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा, त्यानंतर रान कोरडं ठाक. आणि जोंधळ्याचा कडबा रानात पसरायचा तर बैलांनी, म्हशींनी खायचं काय? आच्छादन आणि चारा यांचं भांडण आपल्या प्रत्येक कोरडवाहू घरात आहे. सुगी झाल्यावर मोकळी सुटणारी जनावरं उरलंसुरलं धसकटही ठेवत नाहीत.

तरीही महाराष्ट्रात प्रयत्न झाले. सुभाष पाळेकरांनी आच्छादन आणि वाफसा हे शब्द नैसर्गिक शेतीच्या केंद्रस्थानी आणले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी टाळून कायम गादीवाफ्यांवर भात टोकण्याची पद्धत पसरवली. जुन्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, हा तिचा आत्मा. कोकणातल्या शेतकऱ्याची कंबर मोडणारी चिखलणी आणि लावणी तिने वाचवली. पण तणासाठी तिच्यातही ग्लायफोसेटचा वापर सांगितलेला आहे. पेच फिरून तिथेच येतो.

या पेचाची एक बाजू क्वचितच बोलली जाते. नांगर नको, तणनाशक नको, म्हटलं की उरतं ते खुरपं. आणि खुरपं बाईच्या हातात असतं. निंदणी म्हणा, खुरपणी म्हणा, कोल्हापूर-सांगलीकडे भांगलण म्हणा, पावसापाण्यात वाकून दिवस दिवस काढणारी बाईच. घरची असेल तर तिला मजुरी नाही, बाहेरची असेल तर ती परवडत नाही अशी तक्रार. माती वाचवण्याची किंमत तिच्या पाठीच्या कण्यातून वसूल होत असेल, तर त्या शेतीला निसर्गस्नेही म्हणताना आपण जरा अडखळायला हवं.

दुसरी बाजू बैलांची. वखर दोन-तीन इंच चालतो, पण वारंवार चालावा लागतो. पाऊस पडून वाफसा आला की दोन दिवसांत पाळी घालायची, तण बोटभर असतानाच. घरचे बैल असले की हे जमतं. बैल विकले गेले, ट्रॅक्टर भाड्याने आला. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या वाफशाला येत नाही, त्याच्या सवडीने येतो. तासाचे पैसे मोजायचे तर एकदाच खोल नांगरून, वर रोटाव्हेटर मारून मोकळं व्हावं, असा हिशेब होतो. म्हणजे दरवर्षीची खोल नांगरट ही आज श्रद्धेपेक्षा भाड्याच्या गणिताने टिकून आहे. बैलाबरोबर वखर गेला आणि वखराबरोबर एक मध्यममार्ग गेला.

हा मार्ग परत आणता येईल का? मला वाटतं, येईल. पण जुनं सगळं छान होतं अशा हळहळीतून नव्हे. हुमणी किंवा बोंडअळीचे कोष वर काढायला, हरळी-कुंदा मोडायला नांगर लागेलच. तेव्हा तो जरूर घालावा. मात्र घालताना स्वतःला विचारावं, यंदा कशासाठी? उत्तर नसेल तर त्या वर्षी वखरावर भागवावं. लहान ट्रॅक्टरला, पॉवर टिलरला उथळ चालणारी पास जोडता येते. गावात दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून असं अवजार ठेवलं तर वाफसा साधता येईल. इर्जिकीची सवय आपल्याला नवी नाही. पऱ्हाटी, तुराट्या जाळण्याऐवजी बारीक करून रानात पसरल्या तर चाऱ्याशी भांडण न होता आच्छादन मिळतं. ताग-धैंच्यासारखं हिरवळीचं पीक फुलोऱ्यात आडवं पाडून त्यातच पुढचं पीक घेण्याचे प्रयोग ब्राझील-अमेरिकेत झाले आहेत. ते आपल्या पावसाच्या वेळापत्रकात कसे बसतील, हे आपल्या कृषी विद्यापीठांनी पाहायला हवं. आणि सायकल-कोळप्यासारखी हलकी अवजारं बाईच्या उंचीला, तिच्या हाताला बेतून केली पाहिजेत.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या शेतकऱ्याने लोखंडी नांगराकडे संशयाने पाहिलं, मग विश्वासाने पाहिलं आणि शेवटी पाहणंच सोडून दिलं. अवजार अंगवळणी पडलं की ते दिसेनासं होतं. सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्यांनी खताची गोणी आणि औषधाची बाटली यांच्याकडे नव्याने पाहिलं. तसंच आता नांगराकडेही पाहावं. जमीन किती उलटायची हे जमिनीला विचारून ठरवावं. काळीचं उत्तर एक असेल, मुरमाड माळाचं वेगळं आणि कोकणातल्या खाचराचं आणखी वेगळं.